उपटलेल्या रोपांची बाजरी

"मॅडम, या प्लॉटमध्ये दुसरं बी कुणी मिसळलं?" साहेबांनी मला विचारलं.

आम्ही लोधिवलीच्या वरच्या अंगाला, जनीमावशींच्या माळावर उभे होतो. मी बियाण्यांच्या कंपनीत ट्रायल बघते. ट्रायल म्हणजे नवं बी बाजारात आणण्याआधी शेतात लावून बघायचं. मावशींच्या माळावर आमची संकरित बाजरी होती. इकडच्या पावसात बाजरी लावायचं खूळ माझंच. त्यासाठी मी ऑफिसात पुष्कळ भांडले होते. आज साहेब पीक बघून ठरवणार होते, हे वाण पावसाळी भागासाठी पुढे न्यायचं की इथेच गुंडाळायचं.

आणि पीक तर बघवत नव्हतं. बहुतेक कणसं अर्धी रिकामी. बाजरीचे पराग वाऱ्यावर उडून दुसऱ्या कणसांवर बसतात, तेव्हा दाणा धरतो. नेमकी ती फुलोऱ्यात आली आणि पावसानं झड लावली. पराग धुऊन गेले. संकरित बाजरी सगळी एकदम फुलते. एरवी हा तिचा गुण, पण पावसात सापडली तर सगळीच सापडते.

साहेबांना हे पटेना. पावसावर काय ढकलता, वाणच कच्चं असेल, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात त्यांना मधूनमधून काही बुटकी ताटं दिसली. कणसं मात्र गच्च भरलेली. दुसरं बी मिसळलं असेल तर ट्रायल बाद. आणि ते मिसळण्यात फायदा कुणाचा? माझाच. साहेब तसं बोलले नाहीत, पण बघत होते तसंच. मला रडूही येत होतं आणि रागही.

मावशी चहा घेऊन बांधावर आल्या होत्या. किटली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मिसळ नाय सायेब, तुमचंच बी हाय. बायनं दाट रोपं उपटून फेकाया सांगितली व्हती. जित्ती रोपं कशी फेकायची? मोकळी जागा व्हती तिथं लावली."

उगवण दाट झाली की जास्तीची रोपं उपटतात, त्याला विरळणी म्हणतात. माझ्या लेखी तो कचरा. पण इकडे भात काय, नाचणी काय, रोप उपटून दुसरीकडे लावायचंच असतं.

"मावशी, अहो मोकळ्या जागा भरायच्या नाहीत म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं व्हतंस ना. म्हनून तर तू गेल्यावर लावली," मावशी शांतपणे म्हणाल्या. "सायेब येनार, बायचं शेत उघडंबोडकं दिसाया नको."

आता या बाईवर रागवायचं तरी कसं? आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उपटून लावलेलं रोप काही दिवस अडून बसतं, म्हणून फुलोराही उशिरा येतो. ही ताटं फुलली तोवर पाऊस उघडला होता. बी तेच, जमीन तीच. म्हणजे वाण कच्चं नव्हतं. फुलायची वेळ चुकली होती.

मी भडाभडा सगळं सांगितलं. साहेबांनी एक भरलेलं कणीस हातावर चोळलं, दाणे निरखले.

"हा प्लॉट बाद," ते म्हणाले. माझा चेहरा पडला असणार. "वाण बाद नाही म्हटलं. पुढच्या वर्षी अर्धं पेरा, अर्ध्याची रोपं करून उशिरा लावा. मग बघू."

मावशींनी त्यांना चहा घेतल्याशिवाय हलू दिलं नाही.

यंदा तसंच केलंय. पेरलेल्या भागाला पावसानं पुन्हा गाठलं, लावलेला भाग छान भरलाय. वाण वाचलं.

मी मात्र एक शिकले. समोरच्याच्या हातून जे होणारच नाही, ते करायला सांगू नये. विरळणीची रोपं आता मीच पिशवीत भरून नेते, नाहीतर मावशी ती पुन्हा प्लॉटमध्ये खोचतील. फेकेन म्हणत नेली होती, पण मलाही फेकवेनात. नेरळला माझ्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत बाजरी उभी आहे, आणि शेजारीण रोज विचारते, हे गवत कधी काढणार?