बशीतला मोकळा गोल

हैदराबादकडच्या पटानचेरूजवळच्या आमच्या सांडपाणी प्लांटवर अठरा वर्षं ऑपरेटर बिक्षपतीचाच शब्द चालायचा. औषध कारखान्याचा टँकर आला की तो नुसत्या वासावरून माल ओळखायचा. मग अंदालू आली.

ती लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागली आणि बघता बघता चाचणी शिकली. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, त्यावर पाण्यात भिजवलेली कागदी टिकली ठेवायची. पाण्यात अँटिबायोटिक उरलं असेल तर टिकलीभोवतीचे जंतू मरून मोकळा गोल दिसतो. बिक्षपतीच्या नितळ पाण्याचा गोल पहिल्याच बशीत बटणाहून मोठा निघाला.

मग पाण्यातलं औषध शोषणारी कोळशाची टाकी बसवली, तसा गोल आटत गेला. टाकी चालवायचा बिक्षपती. पण मॅनेजर पाहुण्यांना न्यायचा ते अंदालूच्या टेबलाशी.

"बाटल्या धुणारी आता आपल्याला पाणी शिकवणार!" डब्यातली ज्वारीची भाकरी मोडत बिक्षपती मला म्हणाला. "घास उतरत नाही रे."

त्याच आठवड्यात त्यानं टाकीला वळसा घालणारा वॉल्व अर्धा उघडला. थोडं पाणी कोळशाला न शिवताच नाल्यात जाऊ लागलं. बशीत गोल परत आला. तिची चाचणीच चुकली असं धरून मॅनेजर अंदालूला सगळ्यांसमोर वाटेल ते बोलला. दारात उभ्या बिक्षपतीला तेवढा वेळ फार बरं वाटलं.

ती मात्र तीन दिवस नेहमीसारख्या बशा मांडत राहिली. चौथ्या दिवशी बिक्षपती वॉल्व बंद करून लॅबमध्ये गेला.

"वॉल्व मी उघडला होता."

"माहीत आहे, अन्ना. टाकीचं प्रेशर उतरलेलं तुम्हीच वहीत लिहिलंय. खोटं लिहायला हात धजला नाही ना?"

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला काढलं असतं. टाकी कोण चालवणार, मी? पण पुन्हा हात लावलात तर सांगेन. त्या नाल्यावर माझ्या आईच्या म्हशी पाणी पितात."

तो स्वतःच मॅनेजरकडे जाऊन वॉल्वचं सांगून आला. महिनाभर त्याला गेटवर टँकरच्या नळ्या जोडायला लावलं, मग टाकी पुन्हा त्याच्याकडे आली. निवृत्तीपर्यंत सहा वर्षं त्यानं ती चालवली, बशा अंदालूनं पाहिल्या.

निरोपाच्या दिवशी मी विचारलं, "आता तरी जळफळाट गेला का?"

"कसला जातोय! त्या दिवशी चार शिव्या घातल्या असत्या तिनं, तर गेलाही असता."