अक्काचा विंचू

जेवण जरा जास्तच झालं आहे, आणि त्यावर पेलाभर ताक. अशा पोटानं माणसानं कुठं डोकं टेकू नये, पण अभिनंदन मगदूमनं टेकलं आहे. इचलकरंजीतल्या त्याच्या गेमिंगच्या दुकानात, रिकाम्या काउंटरवर डोकं ठेवून, पाचच मिनिटं असं स्वतःला बजावून. शटर अर्धं खाली आहे. वरच्या खोल्यांत त्याची बायको श्रुतिका भांडी कागदात गुंडाळते आहे आणि तो खणखणाट जिन्यावरून खाली येतो आहे. उन्हं कलली की टेम्पो येईल. त्याआधी ही जागा विकत घेणारा गृहस्थ येईल, किल्ली न्यायला.

तोवर ह्यानं हो की नाही ते ठरवायचं आहे. खरं तर ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही. श्रुतिकाला नाशकात कॉलेजात कायमची नोकरी लागली त्याला वर्ष झालं. लेकीला आणि सासूला घेऊन ती तिकडे राहते, आणि हा इथे मेसचा डबा खात दुकान राखत बसला आहे. राखत म्हणायचं आपलं. पोरं आता मोबाइलवर खेळतात. दुकानात माशा सोडल्या तर गिऱ्हाईक नाही. ह्याआधी दोनदा टेम्पो ठरला आणि दोनदा ह्यानं ऐन वेळी कच खाल्ली. "ह्या खेपेला नाही आलात तर मी पुन्हा विचारणार नाही," एवढंच श्रुतिका आज सकाळी आल्या आल्या म्हणाली, तेही आवाज न चढवता. चढवला असता तर त्याला भांडता तरी आलं असतं.

अडचण अशी, की दुकान अक्काचं आहे. अक्का म्हणजे त्रिशला, त्याची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही, दुकान केलं. दोन वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली. खिडकीजवळच्या ज्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, ती बसायची, ती ह्यानं तेव्हापासून कुणाला दिलेली नाही. जागा सोडली की अक्काही सुटली, असं त्याच्या मनानं घेतलं आहे. बाकी सगळं सामान खोक्यांत गेलं, तेवढी मशीन अजून तारा जोडून तशीच उभी आहे.

शेजारच्या शेडमधले यंत्रमाग चालू आहेत. खडक-खडक, खडक-खडक. ह्या गावातल्या माणसाला झोप लागते ती ह्याच आवाजावर, आणि परगावच्या शांततेत तो रात्रभर तळमळतो. आवाज जरा लांब जातो. आणखी लांब जातो. मग अगदी जवळून कुणीतरी म्हणतं,

"व्हय रे अभ्या, खनिज संपलं की तुझं."

अक्का खिडकीजवळच्या खुर्चीत मांडी घालून बसली आहे. केस तेल लावून करकचून बांधलेले, हातात माऊस, नजर पडद्यावर. ती इथे कशी, असं अभिनंदनला वाटतच नाही. उलट, आपल्यालाच यायला उशीर झाला असं वाटतं. आणि तिच्या तोंडावर काविळीचा पिवळेपणा नाही हे बघून त्याला इतकं बरं वाटतं, की तो ते मुद्दाम बोलून दाखवत नाही.

"कुठं संपलंय?" तो म्हणतो. "आहे की अजून."

"कुठाय? दाव."

पडद्यावर त्यांच्या जुन्या खेळातला जांभळा चंद्र आहे. त्यावर त्याचा तळ, आणि तळाभोवती खाणी. खेळ तसा सोपा सांगायला: खाणीतून खनिज काढायचं, त्यातून फौज बांधायची, आणि परग्रहावरचे किडे चालून आले की लढायचं. फक्त हे सगळं एकाच वेळी चाललेलं असतं, आणि तुम्ही विचार करताय म्हणून किडे थांबत नाहीत. त्याचे खाणकामगार रिकाम्या खड्ड्यांत उतरतात, रिकाम्या हातानं वर येतात, आणि पुन्हा उतरतात. बिचाऱ्यांना कुणी थांबा म्हणून सांगितलेलंच नाही.

"ह्यांना तरी सोड," अक्का म्हणते. "दमली की रे ती."

तो माऊसकडे हात नेतो आणि हात जुन्या घराच्या मागच्या खोलीत पोचतो. इथे खिडकीला गज आहेत, कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण घडी करून ठेवलं आहे, आणि अक्का कॉलेजात आहे. तिच्या हातात ती नवीन सीडी आहे, कोल्हापूरहून मागवलेली, जुन्या खेळाची एक्सपान्शन, म्हणजे वाढीव भाग. दोघांना धीर नाही. दारात आई उभी आहे, हाताला कणीक.

"ही आणि कसली तबकडी आणलीसा?"

"आई, आपला जुना गेम हाय नव्हं, तो वाढवलाय त्यांनी," अभ्या सांगतो.

"वाढवला? खरं?" आईचा चेहरा उजळतो. "बरं झालं बाई. सुटले एकदाची."

आणि आई शिरा करायला घेते. तिचं काही चुकलेलं नाही. आपल्यात दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली तरी ती वाढवली. आईच्या समजुतीनं खेळ संपला. अक्का तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसते आहे. तो शिरा दोघांनी मिटक्या मारत खाल्ला होता, आणि आईला खरं काय ते कळेपर्यंत पुढचे कितीतरी दिवस मजेत गेले होते. आता ती घमघमणारी वाटी पुन्हा त्याच्या मांडीवर आहे, वेलदोड्यासकट, आणि ती रिकामी होऊ नये म्हणून तो चमचा अगदी हळू फिरवतो.

"लवकर खा," अक्का म्हणते. "लाइट जायच्या आत एक डाव करू."

तेव्हा सगळं असंच असायचं. लोडशेडिंगचे दिवस. शेजारचे माग एकदम गप्प झाले की समजायचं लाइट गेली. पडदा काळा झालेला दिसण्याआधी त्या शांततेनंच कान बधिर व्हायचे. आणि लाइट असली तरी दिवस बुडायच्या आत जेवायला उठावं लागायचं, कारण मगदूमांच्या जैन घरात अंधार पडल्यावर कुणी घास उचलत नाही. वीजमंडळ आणि धर्म ह्यांच्या मधल्या फटीत जो वेळ सापडेल तेवढाच खेळ. पण काय खेळ! आयुष्यात त्याला पुन्हा कशाची तेवढी घाई झाली नाही.

"अभ्या, विंचू कर," अक्का म्हणते.

एक्सपान्शनमध्ये ते नवीन यंत्र आलं होतं. सहा पायांचं, मागं क्रेनची नांगी वर काढलेलं. खाणी संपल्या की सगळा तळ त्याच्या पाठीवर चढवायचा आणि चालू पडायचं, चंद्राच्या दुसऱ्या टोकाला नव्या खाणींवर जाऊन उतरवायचा. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. अक्कानं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं: विंचू, कारण विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

"मी नाही करणार," अभ्या म्हणतो. "तळ सोडून पळायचं म्हणजे काय?"

"दरवेळी ह्येच म्हनतोस आन् दरवेळी मरतोस."

हे खरं आहे. अक्काचा विंचू नकाशावर जिथं अजून कुणी गेलेलं नाही त्या काळ्या भागात निघून जायचा, आणि हा आपल्या रिकाम्या खाणींभोवती भिंतीवर भिंत बांधत राहायचा. किडे यायचे, भिंती पडायच्या. मग दुसऱ्या कोपऱ्यातून अक्काची नवी फौज यायची आणि ह्याच्या मेलेल्या तळावरून शांतपणे पुढं जायची.

ती पुढं गेली की तो तिच्या मागोमाग चालतो. एसटी स्टँडची फरशी जांभळी आहे आणि तिच्यावर चंद्राची धूळ आहे. कोल्हापूरची गाडी लागते त्या फलाटावर विंचू उभा आहे, खऱ्या गाडीएवढा, जुन्या इंजिनासारखा धडधडत. त्याच्या पाठीवर अक्का सामान चढवते आहे: क्रोशाचं झाकण, शिऱ्याची कढई, एक गादी, आणि दुकानातली खिडकीजवळची मशीन. तारा लोंबताहेत. फलाटावरची माणसं पेपर वाचताहेत, कुणी मान वर करून बघत नाही.

"अक्का, ती मशीन मी जपून ठेवलीय," तो म्हणतो. "कुणाला बसू दिलं नाही."

"बघितलंय मी. कशाला पन?"

"तुझी आहे ती."

"आन् मी कुठाय तितं?" अक्का कंबरेवर हात ठेवून उभी राहते. "सांग की. त्या खुर्चीत कधी दिसले तुला? दोन वरसं झाली, एकदा तरी?"

दिसली नव्हती. रोज सकाळी शटर वर करताना त्यानं आधी त्याच खुर्चीकडे बघितलं होतं, आणि रोज ती खुर्चीच होती.

"जागा सोडली तर तू सुटशील," शेवटी तो म्हणतो.

"सुटू दे की रे. इतकं धरून बसलायस, हात दुखत न्हाईत व्हय?"

"दुखतात."

"मग?" ती जवळ येते. तिच्या केसांना माक्याच्या तेलाचा वास आहे. "ती बाई वर एकटी भांडी बांधाय लागलीया. पोरगी तितं बा कवा येतोय म्हनून दारात बसतीया. आन् तू हितं रिकाम्या खड्ड्यात गडी उतरवाय लागलायस."

"मग दुकान बंद करू म्हणतेस?"

"बंद न्हाई," अक्का म्हणते आणि तिचे ओठ थरथरतात. "वाढव."

आणि दोघंही हसत सुटतात. पोट धरून, फलाटाच्या बाकावर एकमेकांवर कलंडत, आई ऐकेल म्हणून तोंड दाबून. असं तो किती दिवसांत हसलेला नाही. हसता हसता त्याला रडू येतं आणि हसू आणि रडू ह्यातलं कुठलं कुठं संपतं हे काही त्याला कळत नाही. कळून घ्यायचंही नाही.

अक्का डोळे पुसते आणि विंचवाच्या पायरीवर पाय ठेवते.

"कुठं चाललीस?"

"पुढं. आजून काळंच हाय तिकडं. गेल्याबिगर दिसतंय व्हय?"

"मला पण ने, अक्का."

हे बोलू नये ते तो बोलून जातो. आणि विंचू जागचा हलण्याआधीच पायरीवर चढून तिच्या शेजारी जाऊन उभा राहतो. अक्काचा चेहरा पालटतो. ती खाली उतरते, त्याला दंडाला धरून खाली ओढते, त्याचा डावा कान चिमटीत पकडते आणि पिळते. लटकं नाही. लहानपणी त्यानं उघड्या वायरला हात लावला होता तेव्हा जसा पिळला होता, तसा.

"आई गं! अक्का, दुखतंय!"

"दुखू दे. पुन्यांदा असलं बोलशील?"

"नाही."

"माझ्या विंचवात तुला जागा न्हाई. तुझा तू बांध. ऐकलंस?"

"ऐकलं. सोड ना."

ती लगेच सोडत नाही. कान धरूनच त्याच्याकडे बघत राहते, आणि चिमटीतला जोर हळूहळू उतरतो. मग फक्त बोटं असतात, कानाशी, ऊबदार. मग शेजारचे माग एकदम गप्प होतात.

"अहो."

शांतता आहे. पंखा थांबला आहे. काउंटरसमोर श्रुतिका उभी आहे, कपाळाला धूळ लागलेली.

"लाइट गेली," ती म्हणते. "आणि ते किल्लीवाले आलेत. बाहेर उभे आहेत." ती पुढं बोलणार तेवढ्यात थांबते, वाकून बघते. "हे काय? कान कशानं झाला असा?"

अभिनंदन हात लावतो. डावा कान चटका बसल्यासारखा गरम आहे. वरच्या कडेला, नेमका पिळतात तिथं, हुळहुळतो आहे.

"काउंटरवर डोकं ठेवून झोपलो ना," तो म्हणतो.

"उजवा गाल टेकून झोपला होतात. मघाशी बघून गेले मी." श्रुतिका त्याचा चेहरा वळवून दोन्ही कान न्याहाळते. उजव्या गालावर लाकडाचे वळ आहेत; उजवा कान जसाच्या तसा आहे. डाव्यावर दोन लाल ठसे आहेत, एक पुढून आणि एक मागून. तिचा हात त्याच्या हनुवटीवर तसाच राहतो.

"अक्काची मशीन खोक्यात भरायची राहिलीय," तो म्हणतो.

"बरोबर घ्यायचीय?"

तो विचार करतो. खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे आणि आज तो तिच्यात कुणाला शोधत नाही.

"नको. त्या गृहस्थांची पोरं असतील तर त्यांना देऊ. म्हणावं, खेळा." तो उठतो. "चल. दुकान वाढवू."

किल्ली देताना तो ती लगेच सोडत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. जागा घेणारा गृहस्थ सज्जन आहे, तो दुसरीकडे बघतो. मग टेम्पो येतो, खोकी चढतात, दोरखंड आवळला जातो, आणि गाव सुटता सुटता माग पुन्हा खडखडायला लागलेले ऐकू येतात. टेम्पोत पुढे तिघं दाटीवाटीनं बसले आहेत: ड्रायव्हर, मधे श्रुतिका, आणि खिडकीशी अभिनंदन. मे महिन्याचा उकाडा आहे. अभिनंदन काच वर करतो.

"अहो, जीव जाईल की गरमीनं," श्रुतिका म्हणते. "काच कशाला लावलीत?"

"कानाला वारं लागतंय."

ती त्याच्याकडे बघते. कान अजून लाल आहे, पण मघापेक्षा कमी. ती गळ्यातला स्टोल काढते आणि त्याच्या हातात देते. अभिनंदन तो डोक्यावरून घेऊन कानाभोवती, आतली ऊब निसटणार नाही असा घट्ट गुंडाळतो आणि हनुवटीखाली गाठ मारतो. एवढ्या उकाड्यात कान बांधून बसलेला माणूस बघून ड्रायव्हरला हसू आवरत नाही.