माझ्या लॅपटॉपवर बंदी

राहात्याच्या आमच्या दूध संघात सगळे कॉम्प्युटर विंडोजवर चालतात आणि त्यांचं नेटवर्क सांभाळणारी मी मात्र लिनक्सवर. हे ऐकलं की लोक माझ्याकडं असं बघतात, जणू दूध संघात नोकरी करून मी चहा बिनदुधाचा पिते. तोही पिते, पण तो भाग वेगळा.

लॅपटॉप माझा स्वतःचा. नगरच्या एका दुकानात जुना मिळाला होता. त्यावर विंडोज रडतखडत चालायची, म्हणून तिच्याजागी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकली. ती फुकट होती आणि शिकवायला कुणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक उरकला की बसायचे, चुकायचे, सगळं पुसून परत टाकायचे. घरचे म्हणायचे, "चारचौघं करतात तसं कर की." चारचौघांसारखं मला कधी जमलंच नाही. पण आता काळ्या पडद्यावर मी एक ओळ लिहिते आणि गावोगावच्या संकलन केंद्रांतले कॉम्प्युटर उत्तर देतात. कुठल्या केंद्राचं वजन आणि फॅट आलं नाही, कुणाचा प्रिंटर अडलाय, खुर्चीतून न उठता कळतं. अशा ओळी मी वर्षानुवर्षं लिहून साठवल्यात. ऑफिसातले चिडवतात, "ताईंच्या लॅपटॉपला माऊस लावला तर बिचारा उपाशी मरंल." मीही हसते.

मग नवे व्यवस्थापक आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, खासगी लॅपटॉप नेटवर्कला चालणार नाही. तो घरी जातो, तिथं कोण काय करतं आपल्याला काय माहीत? आणि ही तुमची वेगळी सिस्टिम. उद्या तुम्ही नसलात तर आम्ही काय करायचं? ऑफिसचा लॅपटॉप घ्या. दसरा झाला की तुमचा बंद."

घरी माझी मुलगी त्यावर कार्टून बघते, हे काही मी सांगितलं नाही. साहेबांचं पहिलं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. 'उद्या तुम्ही नसलात तर' हेही उगाच नव्हतं. मी कंत्राटी. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला माझा करार वाढतो आणि त्यावर सही व्यवस्थापकांची असते.

गंमत पुढंच. बंदी अमलात आणायची कुणी? नेटवर्क जिच्या ताब्यात तिनं, म्हणजे मीच. माझ्याच हातानं माझ्या लॅपटॉपला दार लावायचं. नवा लॅपटॉप मी सही करून घेतला आणि खोका न उघडता कपाटावर ठेवून दिला.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा असते. सकाळचं दूध उरकलं की वजनकाटे, फॅट मशीन, कॉम्प्युटर, टँकर, सगळं बंद करून लख्ख पुसायचं, झेंडू वाहायचा, हळदकुंकू लावायचं. आम्ही बौद्ध, आमच्या घरी ही पूजा नसते. मी बाजूला उभी राहते आणि पेढा मात्र मागून घेते. त्या दिवशीही तसंच झालं. पूजेनंतर मशीनं चालू केली आणि नेटवर्क ठप्प. एकाही टेबलावर काही येईना. संध्याकाळचं दूध सुरू व्हायला फार वेळ नव्हता आणि केंद्रांच्या नोंदी दिसल्याशिवाय टँकर हलत नाहीत.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मी सांगितलं होतं. हा तुमच्या लॅपटॉपचा प्रताप."

माझं डोकंच सटकलं. मी लॅपटॉपची वायर उपसून टेबलावर आपटली. "घ्या, काढला. झालं चालू?"

झालं नव्हतं.

"अजून लांब नेऊ? रस्त्यावर ठेवून येऊ?"

मी लॅपटॉप उचलला आणि जिन्याखालच्या कपाटापाशी गेले. तिथं सगळ्या वायरी एका पेटीत येऊन मिळतात. पेटीवरचे सगळे दिवे एकदम फडफडत होते. लॅपटॉप तिला जोडून एक ओळ लिहिली, तर पडद्यावर एकच निरोप पुन्हा पुन्हा धावत होता, थांबायचं नाव नाही. म्हणजे काहीतरी जागच्या जागी गोल फिरत होतं. एकेक वायर हातानं चाचपत गेले. एका वायरीची दोन्ही टोकं त्याच पेटीत खोचलेली सापडली. पेटीतून निघालेला निरोप फिरून पेटीतच येत होता आणि त्या गर्दीत बाकी कुणाला वाट मिळत नव्हती. मी एक टोक ओढलं. दिवे निवांत झाले आणि वरून ओरडा आला, "आलं, आलं!"

मागं आमचे शिपाई मामा उभे होते, हातात अजून पुसायचं फडकं.

"ताई, ती मीच खोचली. पुसताना एक टोक लोंबकळत हुतं. पूजंच्या दिवशी बरं दिसंना. मोकळं भोक दिसलं, दिलं घालून."

त्यांच्यावर काय चिडायचं? त्यांनी मनापासून पूजा केली होती. साहेब जिन्यात उभं राहून सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता तरी एखादा शब्द बोलतील.

"बरं झालं सापडलं," ते म्हणाले. "पण दसऱ्यानंतरचं ठरलंय ते ठरलंय."

दसरा झाल्यावर मी तो खोका घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्यासमोर उघडला.

"साहेब, हा ऑफिसचा लॅपटॉप. मी सही करून ताब्यात घेतलाय. नेटवर्क यावरून सांभाळायचं, बरोबर?"

"बरोबर."

मी पेन ड्राइव्ह लावला. आधीचं सगळं पुसायचं का, असा प्रश्न पडद्यावर आला. मी 'हो' दाबलं.

"अहो, हे काय करताय?"

"लिनक्स टाकतेय. लॅपटॉप संघाचा, तो इथंच कुलपात राहील, घरी जाणार नाही. तेवढं तुमचं बरोबर होतं, ते ऐकलं. काम कसं करायचं, ते मी ठरवणार."

"आणि उद्या तुम्ही नसलात तर?"

"सगळं मराठीत लिहून देते. ज्याला शिकायचं असेल त्याला शिकवते. मला कुणी शिकवलं नव्हतं."

"तुमचा करार माझ्या सहीनं वाढतो, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. मी घाबरलेही होते. घर माझ्या पगारावर चालतं, दिवाळी तोंडावर आलेली. पण हात थांबले नाहीत. चहा येऊन गेला तोवर सिस्टिम बसली, माझ्या साठवलेल्या ओळीही त्यावर उतरवल्या. मग तिथंच बसून, त्यांच्या डोळ्यांदेखत, माझ्या जुन्या लॅपटॉपला नेटवर्क बंद केलं. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. जे काही येतं ते त्याच्यावर शिकलेय.

"हुकूम पाळलाय," मी म्हणाले आणि बाहेर आले.

परवा करार आला. नेहमीच्या मजकुराखाली एक नवी अट टाकली होती: संघाच्या कामासाठी इतरांहून वेगळी सिस्टिम वापरता येणार नाही. मला ही नोकरी हवी आहे. राहात्यात असं काम दुसरीकडं मिळायचं नाही, हेही मला पक्कं ठाऊक आहे. मी पेन घेतलं, त्या अटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांची सही अजून झालेली नाही.