आत्याच्या जागेवर वहिनी

आमच्या घरची गाडी जुनी आहे. चालवते वहिनी, दादा फक्त गाडीचं कौतुक करतो आणि जमेल तेवढी ती बिघडवतो. सायलेन्सरचा पाइप गंजून भोक पडलं तेव्हा ती इतकी गुरगुरायची की आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो की घरात चहा ठेवला जायचा. दादानं तेलाचा डबा कापला, पत्रा पाइपभोवती गुंडाळला, तारेनं आवळला. आवाज गेला. आमच्याकडं आवाज गेला म्हणजे दुरुस्ती झाली. दादा आठवडाभर मिशीला पीळ देत फिरला.

त्याच हिवाळ्यात आत्याचं डोकं दुखायला लागलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्याकडंच राहते. दर रविवारी बिडकीनला बालमैत्रिणीकडं जाणं हा तिचा सण. पण घरी येईस्तोवर ती पार गळून जायची, मळमळायचं. वय झालं, असं आम्ही सगळेच म्हणालो. शेवटी तिनं जाणंच सोडलं आणि दिवसदिवस खिडकीशी बसून राहू लागली. ते बघवत नव्हतं.

वहिनीला वयाचं कारण पटेना. आत्या रिक्षातून हिंडली की ठणठणीत असते आणि गाडीत काचा लावून बसली की आजारी पडते, हे तिच्या एकटीच्या लक्षात आलं. तिनं अंगणात गाडी सुरू केली, धूर निघतो त्या तोंडाशी जाड फडकं दाबून धरलं आणि मला पाइपवर साबणाचं पाणी मारायला लावलं. दादाच्या पत्र्याच्या कडेनं फेसाचे फुगे येऊ लागले. धूर तिथून मागच्या सीटखाली शिरत होता.

दादा म्हणाला, दुसरा पत्रा लावू. वहिनीनं गाडीची किल्ली उचलली. क्रांती चौकाजवळच्या गॅरेजात तिनं इंजिनपासून शेपटापर्यंत सगळा पाइप नवा घालून घेतला. आता काळजी नको, असं मिस्त्री म्हणाला, तरी तिचं समाधान होईना. "आधी मी बसते," ती म्हणाली. मला गाडी चालवायला लावून ती मागं आत्याच्या जागेवर बसली, काचा लावल्या आणि बिडकीनपर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. मी सारखा आरशात बघत होतो. ती मांडीवर तिच्या शाळेतल्या मुलांच्या वह्या घेऊन तपासत होती. इतकं धीट माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

रविवारी आत्या खिडकीपासून उठेना. मधीच काही झालं तर तुम्हाला ताप, म्हणाली.

"मी बसून आले आत्याबाई, तुमच्या जागेवर. काचा लावून. काय नाय झालं."

आत्या तिच्याकडं वळली. "आन् तुला काय झालं असतं म्हंजे?"

वहिनीनं आत्याच्या चपला पुढं केल्या. आत्यानं तिच्या गालावरून हात फिरवला. मग मला म्हणाली, "माझ्या मैतरणीला फोन लाव. म्हणावं, आम्ही येतोय, आन् जेवूनच जाणार हाय."