तीन महिने कुणाला सांगायचं नाही

तीस वर्षं झाली, ठाकुर्लीत घरीच ब्लाउज शिवतेय मी. आणि तीस वर्षं माझी एकच बढाई: बाईला दिवस गेलेत हे तिच्या सासूच्या आधी माझ्या टेपला कळतं. माप जरासं वाढलेलं असतं, चेहरा उतरलेला असतो, आणि बाई म्हणते, "काकू, या खेपेला थोडा सैलच ठेवा हं." मी वर बघायचेसुद्धा नाही. शिलाईत जास्तीचं कापड सोडायचे आणि गप्प बसायचे.

गप्प बसायचे, कारण आमच्या घरात नियमच तो. तीन महिने पुरे झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी पहिली खेप अडीच महिन्यांत गेली, आणि आदल्याच आठवड्यात मी उत्साहाने अख्ख्या चाळीत पेढे वाटलेले. सासूबाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "जिभेला जरा आवरायचं होतंस." ते वाक्य माझ्या काळजात जे रुतलं, ते आजतागायत. मुलाच्या वेळी मी पाचव्या महिन्यापर्यंत पदर घट्ट लपेटून फिरले.

त्यामुळे सुनेने एका सकाळी किटवरच्या दोन रेघा दाखवल्या, तेव्हा मी तिच्या तोंडात साखर घातली आणि त्याच दमात बजावलं, "कुणाला बोलायचं नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही."

तिची आई विठ्ठलवाडीला राहते, म्हणजे दोन स्टेशनांवरच. लेक रोज फोनवर आईशी तासभर बोलते. पण आमची सून गरीब हो. डोंबिवलीच्या एका क्लासमध्ये गणित शिकवते, तिथे पोरांना दटावत असेल, घरात मी दहा वाक्यं बोलले की ती एक बोलणार. तिने फक्त विचारलं, "आई, दवाखान्यात नाव घालायचं का?"

"घालू की तिसऱ्या महिन्यात. आत्तापासून त्या बाकावर जाऊन बसलीस, तर अर्धी डोंबिवली बघून जाईल."

खरंच असं म्हणाले मी. कारण त्या बाकावर बसलेली बाई कशासाठी बसलीय, हे न विचारता कळतं, आणि माझी निम्मी गिऱ्हाईकं तिथेच जातात.

पुढच्या आठवड्यात तिला डाग दिसले. मी म्हटलं, होतं कुणाकुणाला, पडून राहा. मग ओटीपोटात डाव्या बाजूला दुखायला लागलं. मी ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. मुलगा म्हणाला, "आई, दाखवून येऊ का?" त्यालाही मीच गप्प केलं. दोन खेपा सोसलेली बाई ना मी, मला कोण शिकवणार!

त्या दिवशी दुपारी शेजारच्या बिल्डिंगमधली सिस्टर फिटिंगला आली होती. एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये असते, दोनची ड्यूटी. मी तिच्या बाहीला टाचण्या लावत होते, तेवढ्यात सून भिंतीला धरून बाहेर आली. म्हणाली, "आई, खांदा फार दुखतोय. आडवं झालं की जास्तच."

"पडून राहा म्हटलं तरी काल एकटीने एवढ्या चादरी पिळल्यास, दुखणार नाही तर काय!" मी म्हटलं.

सिस्टर मात्र टाचण्यांसकट वळली. "पाळी कधी आलेली गं?"

सुनेने तोंड उघडायच्या आधी मीच बोलले. "आत्ताच झाली की. गेल्याच आठवड्यात."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मग सिस्टरकडे बघून हळूच "हो" म्हणाली. सिस्टरने तिला जरा निरखलं. "पोटात दुखतंय का?" तर पुन्हा मीच, "पित्त आहे तिला."

"पित्त असलं तरी आज दाखवा, काकू. चेहरा बरा नाही दिसत," एवढं म्हणून ती ब्लाउज उतरवून गेली. जाताना उंबऱ्यात क्षणभर थांबली होती. तेव्हा तरी मी खरं बोलायचं!

मी दोरा ओवतेय, तोच मोरीपाशी धप्पकन आवाज झाला. सून खाली बसली होती, ओठ कागदासारखे, हात लावला तर घामाने गार. मी हाका मारतेय आणि तिचे डोळे मिटतायत. मी गॅलरीत धावले. सिस्टर गेटपाशी पोचलेली.

खाली पापड वाळत घातलेले, चार बायका बसलेल्या. आणि आता मी जे सांगणार आहे, त्याची मला अजून लाज वाटते. त्या चार बायका बघून मी नुसतं ओरडले, "अगं, जरा वर येतेस का?"

"काकू, उशीर झालाय, संध्याकाळी येते ना," म्हणून ती चालायला लागली.

मग मात्र माझ्या पोटातून आवाज फुटला. "अगं, पोटुशी आहे ती! दुसरा महिना लागलाय! मी खोटं बोलले गं तुझ्याशी!"

ती पोरगी पर्स टाकून धावत आली. एक प्रश्न विचारला नाही. नाडी बघितली, सुनेला आडवं करून पाय उशांवर चढवले, आणि फोनवर म्हणाली, "थिएटर तयार ठेवा, ट्यूबमधली प्रेग्नन्सी फुटलीय असं वाटतंय." पापडवाल्यांपैकी एकीने तोवर आपल्या मुलाला गाडी काढायला लावलेली.

सोनोग्राफीला दोन मिनिटं लागली. पोटात रक्तच रक्त. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलाएवढी. तिने मला तिथल्या तिथे समजावलं: गर्भ पिशवीपर्यंत पोचलाच नव्हता, वाटेतल्या नळीतच रुजला होता. पिशवी ताणते, नळी ताणत नाही. मी शिवणारी बाई, मला एका झटक्यात कळलं. तिथे सोडायला कापडच नसतं. आणि पोटात साचलेल्या रक्तानेच तो खांदा दुखत होता.

माझा मुलगा ठाण्याला, माजिवड्याच्या ऑफिसातून निघालेला, तो रिक्षात अडकलेला. विहीणबाईंना फोन मीच लावला. तुमच्या लेकीला दिवस गेलेत आणि ती आत्ता ऑपरेशनला आत गेलीय, या दोन्ही बातम्या त्या माउलीला मी एकाच फोनवर दिल्या. त्या तशाच घरातून निघाल्या. रक्त लागणार म्हणाले, तर आमच्या बिल्डिंगमधली पाच माणसं रक्तपेढीत जाऊन उभी राहिली. ज्यांची दृष्ट लागेल म्हणून मी पोरीला कोंडलं होतं, तीच माणसं.

ती वाचली. एक नळी काढावी लागली, दुसरी चांगली आहे, पुढे मूल होऊ शकतं. मी डॉक्टरीणबाईला विचारलं, "काय चुकलं तिचं? चादरी पिळल्या म्हणून झालं का?" ती म्हणाली, "तिचं काहीच नाही. ना चादरींनी झालं, ना खाण्याने, ना कुणाला सांगितल्याने. पण पाळी चुकल्यावर लवकर आला असतात, तर कदाचित नळी फुटायच्या आधी सापडलं असतं. कधीकधी इंजेक्शनवरही भागतं. पुढच्या वेळी पाळी चुकली की लगेच यायचं." माझं काय चुकलं ते मी विचारलं नाही.

हल्ली माप वाढलेलं दिसलं की मी वर बघते. सरळ विचारते, "डॉक्टरकडे जाऊन आलीस का? एका बाजूला दुखतंय, डाग दिसतायत, चक्कर येतेय? मग इथे काय करतेस, नीघ!" जगाला सांगू नका हवं तर, पण डॉक्टरला सांगा. एकीला राग आला, कापड घेऊन दुसऱ्या टेलरकडे गेली. जाऊ दे. तपासून घेतलं म्हणे तिने.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. सून शुद्धीवर आली तेव्हा कॉटच्या एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला विहीणबाई, तिचा हात हातात घेऊन. तिने डोळे उघडले, आईला बघितलं आणि पोर घाबरली. मान माझ्याकडे वळवली. ओठ हलत होते, मी कान जवळ नेला.

"आई, मी नाही हं सांगितलं हिला."

विहीणबाईंनी विचारलं, "काय म्हणतेय?" मी उठून पलीकडे गेले, त्यांच्या शेजारी बसले, आणि किटवरच्या त्या दोन रेघांपासून सगळं त्यांना सांगितलं.