अर्धं आकाश, अर्धे पैसे

"आम्ही अंधार देतो. नावं तुमची तुम्ही आणा."

काकीचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तो डिसेंबरातला, अमावास्येलगतचा शनिवार होता. दोन माणसांचे एका रात्रीचे, जेवणासकट, दोन हजार रुपये मी तिच्या हातावर ठेवले होते. हजर होतो आम्ही नवरा-बायको, दुर्बीण घेऊन आलेले एक निवृत्त गृहस्थ आणि काकीचा बैल. दुर्बीणवाल्या काकांनी एका ताऱ्याकडे बोट करून "याला तुमच्याकडे काय म्हणतात?" असं विचारलं होतं. त्याचं हे उत्तर.

उधव्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, तिचा पाडा. राहत्या घरामागे तिने पाहुण्यांसाठी दोन खोल्यांचं कौलारू घर उभं केलं होतं. कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, अंगणात खाटा. जेवणं आटपली की ती अंगणाच्या टोकाला जाऊन पाड्याकडे तोंड करून ओरडायची, "पाहुणे आलेत! डोळे मिटा!" मग एकेका घरातला दिवा जायचा. कुणी रेंगाळलं तर नाव घेऊन, "तुझ्या घरी काय लग्न हाय?"

त्यानंतर जे व्हायचं ते आकड्यांत सांगता येत नाही, आणि आकड्यांशिवाय मला फारसं काही सांगता येत नाही. खाट जमिनीपासून सुटल्यासारखी वाटायची. ताडांच्या शेंड्यांत तारे अडकायचे आणि आपण बघत असतानाच हळूच सुटून पुढे जायचे. बैल कुठेतरी रवंथ करत असायचा. तो दिसायचा नाही, नुसता आवाज. थोड्या वेळाने वाटायचं, वरच कुणीतरी सावकाश काहीतरी चघळतंय.

काकी स्वतः वर बघायची नाही. पायरीवर बसून आमच्याकडे बघायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तारे कुठं पळतात? पाहुणे पळतात."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, आपला माल स्वतः कधी न चाखणारी. आम्ही दर वर्षी जाऊ लागलो.

तिसऱ्या वर्षी पाड्याला पंचायतीकडून एक सौरदिवा मिळायचा होता. विहीर आणि तिच्याकडे जाणारी वाट, दोन्ही उजळतील अशी जागा एकच: काकीच्या अंगणाचा उत्तरेकडचा कोपरा. तिने नाही म्हटलं असतं तर दिवा दुसऱ्या पाड्याला गेला असता. आदल्या वर्षी त्याच वाटेवर तिच्या जावेला फुरसं चावलं होतं. जाऊ वाचली, पण तेव्हापासून पाय ओढत चालायची. तिला सगळे धाकटी म्हणत.

दुर्बीणवाल्या काकांनी सकाळच्या चहावरच दिव्याविरुद्ध अर्ज लिहून काढला आणि काकीला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला.

"काका, झकास लिवलंय. आता संध्याकाळी घागर घेऊन एकदा विहिरीवर जाऊन या. मग सही करते."

काकांनी कागदाची घडी घातली. काकी माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही हिशोबवाल्या. दिवा लागला तर माझं किती जाईल?"

मी मनात आकडेमोड केली. एका हंगामात किती अंधाऱ्या रात्री, किती पाहुणे, खर्च वजा जाता किती. "वीसेक हजार," मी म्हणाले. त्या पैशांवर तिची पावसाळ्याची चूल चालायची, हे मला माहीत होतं. तिलाही ते सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात धाकटी विहिरीवरून आली. एक पाय टेकत, एक ओढत. काकी तिची घागर उतरेपर्यंत बघत राहिली.

"म्हणजे एवढ्याला उजेड पडतो," ती म्हणाली. दुपारी तिने पंचायतीच्या माणसांना कोपरा दाखवला.

पुढच्या डिसेंबरात मी फोन केला. "या ने," ती म्हणाली, "पण अर्धंच आकाश हाय."

गेलो तर दिवा लख्ख. आणि दिव्याच्या व खाटांच्या मध्ये पेंढ्याची ही एवढी उडवी. एरवी गोठ्यामागे रचायची ती रास काकीने उचलून अंगणात आणली होती, गोल आणि घोटीव. उडवीच्या सावलीत नेमक्या चार खाटा. खाटेवर पडलं की दक्षिणेचं आकाश जुनंच, तसंच गच्च. उत्तरेला नुसता पेंढा.

"ध्रुव गेला," आमचे हे म्हणाले.

"कुठं जाईल? तो जात नाय म्हणता ने तुम्ही? बसला असंल उडवीच्या मागं."

त्या रात्री शांतता नव्हती. उडवीपलीकडे उजेडात बायका सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. त्यांचं हसणं पेंढ्यावरून आमच्याकडे यायचं आणि ताऱ्यांत मिसळून जायचं. त्यात धाकटीचं सगळ्यांत मोठं.

सकाळी मी दोन हजार पुढे केले. काकीने हजार परत दिले. "अर्धं आकाश, अर्धे पैसे."

"अगं काकी, भाकरी तर अख्खी होती."

"भाकरीचे मी कधी घेतले?"

होळीआधीच्या अमावास्येला पुन्हा गेलो तेव्हा उडवी कमरेएवढी उरली होती. "झोपूनच बघा," काकीने बजावलं, "उठलात की दिवा." मी विचारलं, झालं काय? तिने बैलाकडे हात केला. "आकाश यानं खाल्लं." त्या खेपेला तिने पाचशेच घेतले.

पावसाळ्यात काकी तापाने गेली. मी फोन केला तो धाकटीने उचलला. काकीची बातमी तिनेच सांगितली. मग म्हणाली, "डिसेंबरात येणार ने?"

गेलो. वाटलं होतं, अंगण मोकळं असेल. उडवी उभी होती. पाड्यातल्या बायकांनी रचलेली, एका अंगाला चांगलीच कललेली.

"तिची गोल व्हायची," धाकटी म्हणाली. "आमची वाकडी झाली."

जेवण झाल्यावर पायरी रिकामी होती. आमच्याकडे बघायला कोणी नव्हतं. बैल रवंथ करत होता. पलीकडे बायका बोलत होत्या. बऱ्याच वेळाने ह्यांनी माझ्या खाटेवर हात ठेवला आणि उत्तरेकडे दाखवलं. उडवी कलली होती त्याच्या उलट बाजूला, पेंढ्याच्या उतरत्या काठावर, दिवा न दिसता ध्रुव दिसत होता.

सकाळी ते धाकटीला सांगितलं. ती पाय ओढत खाटेपाशी गेली, दिवसाढवळ्या उडवीच्या काठाकडे बघून आली, आणि पदर खोचत म्हणाली, "मग हे अर्ध्याच्या वर झालं."

मी तिच्या हातावर अकराशे रुपये ठेवले. हजार आकाशाचे, शंभर ध्रुवाचे. तिने मोजून घेतले.