दारात चेपलेला हात

लोकरमावशीचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. बाळ जन्माला आलं की टोपडं नि मोजे तिच्याकडून, म्हाताऱ्यांना थंडी सोसेना की बंडी तिच्याकडून. कुणाला भेट द्यायची आहे पण काय द्यावं ते सुचत नाही, तर तिचीच पायरी चढायची. खिडकीशी पायमशीन, शेजारी टोपलीत लोकरीचे गुंडे, खुंटीवर शिवून झालेल्या पिशव्या. जुन्या पडद्यातून ती अशी काही पिशवी काढायची की ज्याचा पडदा त्यालाही ओळखू येऊ नये.

त्याच खोलीत ती मार खायची. नवरा ट्रक दुरुस्तीच्या कारखान्यात मिस्त्री होता. त्याला दारूचं निमित्त लागत नसे, तो शुद्धीत मारायचा. जेवण गार झालं म्हणून, दार उघडायला उशीर झाला म्हणून, आणि काहीच झालं नसेल तर हिचं तोंड पडलेलं दिसलं म्हणून. एकदा मशीनवर बसल्या जागी त्यानं तिचे केस धरून डोकं चाकावर आपटलं. भुवई फाटली. दवाखान्यातल्या बाईंना ती म्हणाली, खाली पडलेली बॉबिन शोधताना लागलं. सोबत आलेल्या लेकीनं हे ऐकलं आणि नंतर कितीतरी दिवस ती आईशी धड बोलली नाही.

गंमत म्हणजे याच मिस्त्रीला बायकोच्या हातच्या वस्तूंची कोण मिजास. कुणाकडेही जाताना तो तिनं केलेलं काहीतरी काखोटीला मारून न्यायचा आणि आपणच विणल्यासारखा त्याचं कौतुक ऐकत बसायचा. कारखान्यातल्या मुकादमाला नात झाली तेव्हा त्यानं बायकोकडून एक दुपटं विणून घेतलं. पांढरं, कडेला फिकट पिवळी जाळी. रंग तिचा, जाळी तिची. मिस्त्री ते घेऊन ऐटीत गेला.

तिथे मुकादमाची बायको सहज बोलून गेली की अशी कारागीर घरात असताना तुम्ही हात काळे कशाला करता, तिला दुकान थाटून द्या आणि गल्ल्यावर बसा. सगळे हसले. मिस्त्रीही हसला. घरी येईपर्यंत ते हसू त्याच्या डोक्यात चढलं होतं.

मावशी एका स्वेटरच्या बाहीचे टाके उचलत होती. त्यानं सुया ओढून घेतल्या आणि गुडघ्यावर मोडल्या. मग तिचं मनगट धरून तिला दाराकडे फरफटत नेलं, उजवा हात चौकटीवर दाबला आणि दार लोटलं. एकदा लोटून त्याचं समाधान झालं नाही. तिची किंकाळी समोरच्या सायकलवाल्यानंही ऐकली, पण तो चाकात हवा भरत राहिला.

हात प्लास्टरमध्ये गेला. यावेळी बॉबिनची गोष्ट लेकीनं सांगू दिली नाही. तिनं थेट मामाला बोलावलं.

मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. खाटीक होता, अंगानं दांडगा, बोलायला गोड. ताईवर त्याचा जीव होता. त्यानं प्लास्टर पाहिलं, बोटांची निळी टोकं पाहिली आणि मेव्हण्याची वाट पाहत बसला. मिस्त्री दारात आला तसा त्यानं त्याला गळपट्टीला धरून आत ओढलं.

पहिल्या ठोशात मिस्त्रीचं नाक फुटलं. तो खाली पडला तेव्हा मावशीला खरं सांगायचं तर बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिनं त्याला असं खालून वर बघताना पाहिलं नव्हतं. पण भावानं टेबलावरची इस्त्री उचलली. ती गार होती, पण लोखंडी होती. खांद्यावर, बरगडीवर, पाठीवर. मिस्त्री आधी शिव्या देत होता, मग गयावया करायला लागला, मग नुसता कण्हायला लागला. मावशी ओरडली, "पुरे, मरेल तो." भावाला ऐकू गेलं नसेल असं तिला वाटलं. ती पुढे होऊन त्याच्या हाताला लोंबकळली, तर त्यानं तिला झटकून भिंतीवर फेकलं आणि पुन्हा इस्त्री उगारली. शेवटी सायकलवाला नि आणखी दोघे धावून आले तेव्हा कुठे तो आवरला.

मिस्त्री वाचला. दवाखान्यातून तो परस्पर आपल्या बहिणीकडे गेला. तक्रार करायला त्याला तोंड नव्हतं.

तो पुन्हा येईल, एकट्या बायकांनी राहू नये, असं म्हणून भाऊ आपली पेटी घेऊन मावशीकडेच राहायला आला. त्याची बायको केव्हाच माहेरी निघून गेली होती, त्यामुळे त्यालाही घर खायला उठत होतं. सुरुवातीला मावशीला हलकं वाटलं. प्लास्टर निघालं. करंगळी वाकडी बसली, पण सुई धरता येत होती. ती नव्यानं शिकल्यासारखी विणायला लागली. एक टाका सुलट, एक उलट, मध्येच कळ आली की थांबायचं.

मग भाऊ खोलीत पसरायला लागला. गिऱ्हाईक जास्त वेळ बसलं की त्याच्या कपाळावर आठ्या. मापात चूक काढणाऱ्या एका बाईला त्यानं अरेतुरे केलं. तिचा नवरा जाब विचारायला आला तर त्याला पायऱ्यांवरून ढकलून दिलं. माणसाचे दात पडले. गिऱ्हाइकं कमी झाली. मावशीनं समजावलं तर तो म्हणाला, तुझ्याच भल्यासाठी करतोय ना. जेवण गार झालं की आता तो ताट सरकवायला लागला होता. ताट सरकल्याचा तो आवाज मावशीच्या ओळखीचा होता.

लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. एका संध्याकाळी दुकानातला सहकारी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून गेला. दोघं कशावरून तरी हसत होती, आणि भावानं ते खिडकीतून पाहिलं. ती आत आली आणि चप्पल काढायला वाकली, तोच त्यानं तिच्या कानशिलात लगावली. पोर कपाटावर आदळली. ओठातून रक्त आलं. त्यानं तिची वेणी हाताला गुंडाळली आणि तो दुसरा हात उचलत होता.

मावशी कापड बेतत होती. कातर हातातच होती. ती उठली आणि तिनं कातर वेणी धरलेल्या हातात, मनगटाच्या जरा वर, होता नव्हता तेवढा जोर लावून खुपसली.

वेणी सुटली. भाऊ हाताकडे बघत राहिला. रक्त कोपरावरून खाली बेतलेल्या कापडावर पडायला लागलं. तो चवताळून पुढे आला, तर तिनं कातर उपसून छातीशी धरली. लेक तिच्या मागे उभी राहिली.

"ताई, मी तुझ्यासाठी त्याला मारलं," तो म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

"माझ्यासाठी मारलंस, तर मी पुरे म्हटल्यावर का थांबला नाहीस?"

शिवायला काढलेली एक पट्टी तिनं डाव्या हातानं त्याच्याकडे फेकली आणि ती घट्ट बांध, दवाखाना उघडा आहे, असं सांगितलं. पेटी तिनं स्वतः ओढत बाहेर पायरीवर नेऊन ठेवली. तो पट्टी दातात धरून गाठ मारत निघून गेला, आणि ती खोलीतल्या जमिनीवर बसली. लेकीनं तिच्या मुठीतून कातर एकेक बोट सोडवून काढली.

भावाची दोन बोटं कायमची आखडली. सुरा धरता येईना म्हणून तो आता दुकानात नुसता तोलून द्यायला बसतो असं कानावर आलं. मावशीला त्या रात्री झोप लागली नाही, नि पुढेही लागत नसे. त्याला लहानपणी तिनंच कडेवर वागवलं होतं. वाईट वाटायचं, पण आपण चुकलो असं मात्र एकदाही वाटलं नाही. एक गोष्ट तिला वेगळीच छळत होती. भावजय माहेरी का गेली, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. भाऊ म्हणाला होता, डोक्यानं अर्धवट आहे, आणि तिनं ते सोयीचं म्हणून मानून टाकलं होतं.

स्वतःचा हात पुरता बरा झाल्यावर तिनं जाड लोकरीची राखाडी शाल विणली आणि ती घेऊन भावजयीच्या माहेरचं गाव गाठलं. दार भावजयीनंच उघडलं. तिच्या डाव्या कानात ऐकायचं यंत्र होतं. लग्नात तिचे दोन्ही कान चांगले होते.

मावशीनं शाल पुढे केली आणि म्हणाली, "मी तुला कधी विचारलं नाही."

भावजयीनं शालीला हात लावला नाही.

"विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, ताई," ती म्हणाली. "तेव्हा रोज वाटायचं, तुम्ही याल म्हणून."

दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. आत कुणीतरी नळ सोडला होता, भांडं भरत होतं.

"शाल नको मला," भावजय म्हणाली. "बसायचं असेल तर बसा."

मावशीनं शाल परत पिशवीत घातली आणि आत जाऊन भावजयीच्या उजव्या बाजूला बसली, ज्या कानानं तिला ऐकू येत होतं त्या बाजूला.